बोहनीचे खण

जुन्या जालन्यातील कापडगल्लीत जगन्नाथरावांचे दुकान तीन पिढ्यांपासून उभे होते. रस्त्यावरून तीन उंच दगडी पायऱ्या चढून वर यावे, चपला काढाव्या, पांढऱ्या चादरीच्या गादीवर बसावे आणि मग सावकाश कापड पाहावे, अशी तेथील रीत. मागे छतापर्यंत पोचलेली सागवानी कपाटे, डाव्या हाताला गल्ला, गल्ल्यावर लक्ष्मीची तसबीर. तसबिरीसमोरचा दिवा सकाळी लावल्यावर दुकान वाढवीपर्यंत विझू द्यायचा नाही, हा आजोबांचा नियम होता. वडिलांनी त्यात स्वतःचा एक नियम घातला होता. बोहनी झाल्याखेरीज दुकानदाराने अन्नाला स्पर्श करू नये.

वडील याचे कारण असे सांगत की पहिले गिऱ्हाईक हे ईश्वराने वाढलेले पान असते; त्याने वाढण्याआधी आपण घासाला हात घालणे हा उतावळेपणा होय. जगन्नाथरावांनी हा नियम मुंजीतल्या उपदेशासारखा धरून ठेवला होता. बोहनीचे पैसे ते दोन्ही डोळ्यांना लावीत, तसबिरीसमोर क्षणभर धरीत आणि मग गल्ल्यात ठेवीत. त्यानंतरच पत्नी विमलताईंनी घरून आणलेला डबा उघडला जाई.

भरभराटीच्या काळात या नियमाचा कोणाला भार झाला नाही. भोकरदन, केदारखेडा, अंबडकडची माणसे पहाटेच्या एस.टी.ने येत आणि लग्नाचा बस्ता बांधायला पायऱ्यांवर वाट पाहत बसत. पायऱ्यांवर पाणी शिंपडून होण्याआधी बोहनी झालेली असे. पुढे बस्ते नव्या शहरातल्या काचेच्या दुकानांत गेले. उरलेले कापड लोक फोनवर बोट फिरवून मागवू लागले. गल्लीत फार काही घडल्यासारखे वाटले नाही. कुठे भांडण झाले नाही, कुठे आग लागली नाही. गिऱ्हाईक यायचे थांबले, एवढेच.

समोरच्या भांड्यांच्या दुकानात राधेश्याम बसत. ते आणि जगन्नाथराव एकाच वर्षी आपापल्या वडिलांच्या गादीवर बसले होते. रोज दुपार टळू लागली की राधेश्याम आपल्या पितळी हंड्यांच्या आडून विचारीत, "जगन्नाथशेठ, झाली का बोहनी?" आणि जगन्नाथराव रोज एकच उत्तर देत, "होईल." न झालेल्या बोहनीला 'नाही' म्हणू नये, असाही एक संकेत होता.

त्या वर्षी आषाढात जगन्नाथराव गादीवरच कलंडले. बोहनी झालेली नव्हती, डबा तसाच होता, आणि साखरेच्या विकाराची गोळी मात्र सकाळी पोटात गेली होती. राधेश्यामांनी धावत जाऊन त्यांच्या तोंडात गूळ घातला, म्हणून ते सावध झाले. डॉक्टरांनी विमलताईंना बाजूला घेऊन स्पष्ट सांगितले की गोळी घेतल्यावर यांनी वेळेवर अन्न घेतलेच पाहिजे. असे पुन्हा झाले तर प्रत्येक वेळी समोर गूळ असेलच असे नाही.

विमलताईंनी घरी आल्यावर पतीला विनवले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले. गोळी ते नियमाने घेत राहिले आणि बोहनीचा नियमही पाळत राहिले. त्यांच्या दृष्टीने या दोन वेगळ्या गोष्टी होत्या.

श्रावणात दोन घडामोडी झाल्या. पहिली अशी की केदारखेड्याच्या एका जुन्या शेतकरी घराण्यातला अंगद दुकान मागायला आला. त्याच्या आजोबांचे, वडिलांचे आणि स्वतः त्याचेही लग्नाचे बस्ते याच गादीवर बांधले गेले होते. आता त्याला जालन्यात मोबाईलचे दुकान थाटायचे होते. तो खाली बसला नाही, पण बोलला अदबीने. म्हणाला, "काका, मालकी तुमचीच. मला फक्त भाड्यानं द्या. तुम्ही दोघं बसून खा. घटस्थापनेपर्यंत सांगा, तोवर मी दुसरीकडं बघत न्हाई." भाडे चांगले होते. दोन वृद्ध माणसांचे घर त्यात सुखाने चालले असते. पुण्याला दिलेली मुलगी चिन्मयी फोनवर म्हणाली की बाबांनी होकार द्यावा. विमलताईंनाही तेच हवे होते. जगन्नाथरावांनी विचार करायला घटस्थापनेपर्यंतची मुदत घेतली.

दुसरी घडामोड म्हणजे सरकारकडून बायकांच्या खात्यावर दरमहा येणाऱ्या पैशांची गल्लीत सुरू झालेली चर्चा. पैसे काही महिन्यांपासून येत होते, विमलताईंनाही येत होते. परंतु सणांचे दिवस जवळ आले तसे व्यापाऱ्यांचे डोळे त्या पैशांकडे लागले. राधेश्यामांच्या दुकानात दुपारच्या चहाला धान्याचे ठोक व्यापारी बद्रीनाथ येत. त्यांचा सरकारवर गाढ विश्वास होता. त्यांचे म्हणणे असे की बाजार मेलेला नाही, नुसता कोरडा पडला आहे.

"हापसा बघा तुम्ही," बद्रीनाथ म्हणाले. "उन्हाळ्यात कोरडा पडला की नुसता खडखड वाजतो. वरून तांब्याभर पाणी ओतलं की मंग धरतो. सरकार तेच करून राह्यलं. तांब्या त्यांचा, पुढचं पाणी आपलं."

राधेश्यामांनी बशी खाली ठेवली. "बराबर हाय. पण खाली पाणी पाहिजे ना शेठ. न्हाई तर ओतलेला तांब्याच परत तोंडावर उडतो. तुमच्या गोदामामागचा हापसा चार सालापासून तांबे पिऊन राह्यला. आता बाया त्याला म्हैस बांधतात."

बद्रीनाथ म्हणाले की म्हैस तरी दूध देते, तुमचे हंडे काय देतात. सगळे हसले. जगन्नाथरावही हसले, परंतु तो तांब्या त्यांच्या मनात राहिला. रात्रीच्या जेवणात त्यांनी तो संवाद विमलताईंना जसाच्या तसा सांगितला. स्वतःचे मत दिले नाही.

विमलताईंना सरकारच्या धोरणात काही गोडी नव्हती. त्यांच्या डोळ्यांसमोर एकच चित्र होते, गादीवर कलंडलेला देह आणि बाजूला न उघडलेला डबा. दुसऱ्या दिवशी त्या मागच्या गल्लीतल्या पुष्पाबाईंकडे गेल्या. पुष्पाबाई त्यांची जुनी मैत्रीण, सुनेच्या हाती घर देऊन मोकळ्या झालेल्या. विमलताईंनी पदराच्या गाठीतून पैसे काढून त्यांच्या हातावर ठेवले आणि सांगितले की रोज सकाळी दुकान उघडले की जाऊन एक खण घ्यायचा.

पुष्पाबाईंनी विचारले, रोज एक खण घेऊन मी काय करू.

"मला आणून द्या," विमलताई म्हणाल्या. "कधी तुम्ही जा, कधी तुमच्या शेजारच्या बेबीनंदाला पाठवा. त्यांना कळू देऊ नका. त्यांची बोहनी झाली की ते जेवतात, एवढंच मला पाहिजे."

"म्हणजे नवऱ्याला जेवू घालायला तुम्ही त्याच्याच दुकानात गिऱ्हाईक लावून राह्यल्या," पुष्पाबाई म्हणाल्या. "आमचा तर न सांगता दोनदा जेवायचा."

खण ही त्या दुकानातली सर्वांत स्वस्त वस्तू होती. सरकारचे महिन्याचे पैसे महिन्याच्या खणांना जवळजवळ पुरत. मराठवाड्यातल्या कोणत्याही घरात खणांची रास असणे विचित्र वाटत नाही, हेही विमलताईंच्या सोयीचे होते. ओटीत आलेला खण सहसा कोणी शिवत नाही. तो घडीसकट कपाटात जातो आणि पुढच्या हळदीकुंकवाला दुसरीच्या ओटीत पडतो. तिच्याकडून तिसरीकडे. असे काही खण वर्षानुवर्षे गावभर हिंडतात आणि त्यांची घडी एकदाही मोडत नाही.

पुष्पाबाई येऊ लागल्या. पहिल्या दिवशी त्यांनी हिरव्या काठाचा जांभळा खण निवडला आणि सून आकांक्षाला शनिवारपर्यंत शिवायचा आहे, असे न विचारता सांगून टाकले. जगन्नाथरावांनी कापडाच्या कडेला कात्रीने छोटीशी चीर दिली आणि पुढचे हाताने फाडले. वडिलांची तीच पद्धत होती. कात्रीने कापलेले कापड तिरके जाते, फाडलेले दोऱ्यावर सरळ जाते. मग त्यांनी खणाची घडी घातली, विड्याच्या पानासारखी, एक कोपरा आत दुमडलेला. ही घडी जालन्यात दुसरे कोणी घालीत नसे. पैसे डोळ्यांना लावून त्यांनी गल्ल्यात ठेवले, आणि सूर्य माथ्यावर येण्यापूर्वीच डबा उघडला.

त्या दुपारी राधेश्यामांनी नेहमीचा प्रश्न विचारला. "झाली," असे उत्तर गेले.

भाद्रपद लागला. महालक्ष्म्या आल्या आणि गेल्या. रोज कोणीतरी येई, कधी पुष्पाबाई, कधी बेबीनंदा, कधी त्यांच्याबरोबर आलेली एखादी अनोळखी बाई. दिवसभरातला इतर व्यवहार पूर्वीइतकाच होता, म्हणजे नसल्यासारखा. परंतु सकाळी काहीतरी येऊन जात होते, आणि जगन्नाथरावांच्या अंगात त्याचा ओलावा दिवसभर टिकत होता. वेळेवर अन्न गेल्यामुळे चेहरा उजळला. विमलताईंनी देवापुढे हात जोडले.

पितृपक्ष सुरू झाला तेव्हा मात्र पुष्पाबाई अडल्या. या पंधरवड्यात नवे कापड कोणी घेत नाही. मी गेले तर भाऊ काय म्हणतील. विमलताईंनाही क्षणभर ते पटले. पण पंधरा दिवस बोहनीवाचून जाणार, याचा अर्थ त्यांना फार चांगला कळत होता. त्यांनी पुष्पाबाईंना सांगितले, काहीही सांगा, पण जा.

जगन्नाथरावांनी खरोखरच विचारले. "पुष्पाबाई, पंधरवडा चालू हाय."

"आता कोण पाळतं भाऊ," पुष्पाबाई खाली पाहत म्हणाल्या. "हातात पैसा असला की बाया थांबत न्हाईत."

हे वाक्य पुष्पाबाईंनी वेळ मारून नेण्यासाठी उच्चारले होते. जगन्नाथरावांवर त्याचा जो परिणाम झाला, तो समजण्यासाठी त्यांच्या वडिलांचा आणखी एक आडाखा सांगितला पाहिजे. कापडाच्या व्यापारात दिवाळीचा माल किती भरावा हा मोठा प्रश्न असतो. कमी भरला तर सण हातचा जातो, जास्त भरला तर वर्षभर उरावर राहतो. वडील पितृपक्षातल्या बोहनीवरून तो निर्णय करीत. ते म्हणत की सणासुदीची गर्दी सर्वांना दिसते, तिच्यावरून काही ठरवू नये. ज्या पंधरवड्यात कापड घेणे निषिद्ध, त्यातही बोहनी दुपारच्या आत झाली, तर लोकांच्या हाती पैसा खेळतो आहे असे समजावे आणि माल दुप्पट भरावा. हा आडाखा वडिलांच्या हयातीत कधी चुकला नव्हता.

यंदा पितृपक्षातली बोहनी रोज सकाळीच होत होती.

जगन्नाथरावांनी हे कोणाला सांगितले नाही. सर्वपित्री अमावास्येला वडिलांच्या नावाने पान वाढून ते बराच वेळ हात जोडून बसले होते. दुसऱ्या दिवशी घटस्थापना. सकाळी बेबीनंदा येऊन एक खण घेऊन गेली. त्यानंतर त्यांनी सुरतेच्या व्यापाऱ्याला फोन लावला आणि दिवाळीसाठी साड्या आणि कापडाचे गठ्ठे सांगितले, गेल्या वर्षीच्या दुप्पट. बँकेत जाऊन मुदत ठेव मोडली आणि रक्कम पाठवली. अंगद ठरल्याप्रमाणे आला. त्याला त्यांनी गादीवर बसवले, चहा पाजला आणि नकार दिला.

"बाजार वर येऊन राह्यला, अंगद," ते म्हणाले. "तुम्ही शेतकरी लोक वाफसा बघून पेरता. मलाबी जरासा वाफसा दिसला."

अंगद वाद घालणाऱ्यांतला नव्हता. त्याने काकांना नमस्कार केला आणि गल्लीच्या तोंडाशी असलेले दुसरे दुकान घेतले. संध्याकाळी तेथे रंगारी शिड्या घेऊन चढले.

त्या दिवशी जगन्नाथराव दुपारी घरी जेवायला आले. असे ते फार वर्षांत आले नव्हते. पानावर बसल्यावर त्यांनी सर्व सांगितले, वडिलांचा आडाखा, गठ्ठे, मोडलेली ठेव, अंगदचा चहा. सांगताना त्यांनी दोनदा भाजी मागून घेतली.

विमलताई वाढत होत्या. त्यांच्या हातातली पळी भाताच्या पातेल्यात थांबली. त्या क्षणी बोलायला हवे होते. व्यापाऱ्याला फोन करून गठ्ठे थांबवता आले असते, अंगदने अजून दुकानाला रंगही लावला नव्हता. एका वाक्याचे काम होते. परंतु समोर पती जेवत होते, आणि चवीने जेवत होते. बाजार वर आलेला नाही, रोजची बोहनी माझ्याच पैशांची आहे, असे म्हणायचे, तर त्यांच्या प्रत्येक सकाळीतून घास काढून घ्यावा लागणार होता. विमलताईंनी भात वाढला. त्यावर तूप घातले. जगन्नाथरावांनी अजून थोडे मागितले. तेही घातले.

ललिता पंचमीला चिन्मयीचे डोहाळजेवण होते. ती आदल्या दिवशी पुण्याहून आली. माडीवर बायका जमल्या, फुलांची वाडी भरली, ओटीची ताटे पुढे आली. पुरुषांचे काम खुर्च्या आणि नारळ आणून देण्यापुरते होते. जगन्नाथराव नारळांची पिशवी घेऊन जिन्याने वर आले आणि आतल्या खोलीच्या दाराशी थांबले.

आत विमलताई कपाटासमोर बसल्या होत्या. अपेक्षेपेक्षा अधिक बायका आल्या होत्या. प्रत्येकीची ओटी भरून पाठवायची तर वरच्या फडताळातले खण संपले होते. त्यांनी खालचा कप्पा उघडला होता. त्यात खण होते. एकावर एक, कोपरा आत दुमडलेले, विड्याच्या घडीचे. सर्वांत खाली हिरव्या काठाचा जांभळा.

जगन्नाथरावांनी घरात एकही खण दिला नव्हता. दुकानातला माल घरी न्यायचा तर तो तेच फाडून देत. त्यांनी ती रास पाहिली. कोणत्या दिवशी कोणता फाडला, हे त्यांना आठवत गेले. हा पिवळा तृतीयेचा. ही अमावास्येची चौकडी. घटस्थापनेच्या सकाळी बेबीनंदाने नेलेला तांबडा वरच्या चार-पाचांत होता. त्याची घडी त्यांनी घातली होती तशीच होती. एकाही खणाची घडी मोडलेली नव्हती.

राग येईल असे त्यांना वाटले. ते दाराशी त्याची वाट पाहत थांबले. राग आला नाही. दुःखही नेमके कोठे आहे ते कळेना. दात काढण्यापूर्वी सुई टोचतात आणि मग जबडा आपला असून आपला वाटत नाही, तसे काहीसे छातीत झाले होते. माडीवर बायका ओव्या म्हणत होत्या. पुष्पाबाई मोठ्याने हसल्या. विमलताईंनी पाच-सहा खण उचलून ताटात ठेवले आणि मागे वळून न पाहता बाहेर गेल्या. आता ते खण त्या बायकांच्या ओटीत पडतील, त्यांच्या कपाटांत जातील, पुढच्या सणाला कोणाच्या तरी ताटातून निघतील. जगन्नाथरावांनी नारळांची पिशवी उंबऱ्याशी ठेवली आणि ते जिना उतरले.

रात्री चिन्मयी ओटीत आलेले कापड आवरत होती. तिला हसू आले. "बाबा, हे बघा. निम्म्या बायकांनी आपल्याच दुकानातले खण भरलेत. तुमची घडी ओळखू येते." विमलताईंचा हात थबकला. जगन्नाथराव म्हणाले की जुनी गिऱ्हाइके आहेत आपली. मग ते दिवा मालवून झोपायला गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी दुकान उघडले. पायऱ्यांवर पाणी शिंपडले, तसबिरीसमोर दिवा लावला. पुष्पाबाई आल्या. गुडघ्यावर हात टेकत तीन पायऱ्या चढल्या आणि एक खण मागितला. जगन्नाथरावांनी ठाण काढले, चीर दिली, हाताने फाडले, घडी घातली, कोपरा आत दुमडला. पैसे घेतले आणि डोळ्यांना लावले. ते पैसे कोठून निघाले, कोणाच्या हातून आले आणि उद्या कोणत्या वाटेने घरी जातील, हे आता सर्व दिसत होते. तरी त्यांनी ते तसबिरीसमोर धरले. थोड्या वेळाने विमलताई डबा घेऊन आल्या. त्यांनी गल्ल्याकडे नजर टाकली, निश्चिंत झाल्या, आणि जगन्नाथरावांनी डबा उघडला.

असेच पुढे चालले. पंचमीच्या आधीच सुरतेहून निघालेले गठ्ठे दसऱ्यानंतर आले. ट्रकमधून उतरवलेल्या त्या तागात शिवलेल्या गठ्ठ्यांनी दुकानाचा मागचा भाग भरून गेला. राधेश्याम पाहायला आले आणि त्यांनी एका गठ्ठ्यावर थाप मारली, बैलाच्या पाठीवर मारावी तशी. गल्लीच्या तोंडाशी अंगदचे दुकान उघडले. तेथे रात्री इतका प्रकाश असे की तो या दुकानाच्या पहिल्या पायरीपर्यंत येई. तेथे गर्दी होती. बायका येत, सरकारचे पैसे आले का ते फोनवर पाहून घेत, मुलांच्या फोनमध्ये पैसे भरत आणि परत जात. बद्रीनाथ म्हणाले की दिवाळीच्या आठवड्यात बघा कसे होते ते. जगन्नाथराव मान हलवीत. गठ्ठ्यांच्या दोऱ्या त्यांनी सोडल्या नाहीत.

विमलताईंना ते न सोडलेले गठ्ठे रोज दिसत. सांगायची वेळ निघून गेली होती, आणि रोज थोडी अधिक निघून जात होती.

कोजागिरी झाली. त्या महिन्याचे सरकारी पैसे ठरल्या वेळी आले नाहीत. कोणी म्हणे उशीर आहे, कोणी म्हणे नावांची तपासणी चालू आहे, कोणी म्हणे आता येणारच नाहीत. विमलताईंनी घरखर्चातून काही दिवस रेटले. मग एके सकाळी पदराची गाठ रिकामी होती. पतीजवळ त्यांनी आजवर खणांसाठी पैसे मागितले नव्हते आणि मागणे शक्यही नव्हते. पुष्पाबाईंनी उसने देऊ केले. त्यांच्याही खात्यावर काही आले नव्हते, म्हणून विमलताईंनी ते घेतले नाहीत.

त्या सकाळी कोणी आले नाही. जगन्नाथराव गादीवर बसून होते. समोरून रिक्षा जात होत्या. एक बाई पायरीशी थांबली, तिने अंगदचे दुकान कोठे म्हणून विचारले, त्यांनी हाताने दाखवले. ऊन दुसऱ्या पायरीवर आले, तिसरीवर आले.

विमलताई डबा घेऊन आल्या तेव्हा त्यांचा श्वास लागला होता. त्यांनी गल्ल्याकडे पाहिले. मग पतीच्या ओठांकडे पाहिले, ते कोरडे पडले आहेत का, हात कापतो आहे का. सकाळची गोळी त्यांनीच स्वतःच्या हाताने दिली होती.

जगन्नाथरावांनी हात पुढे करून डबा घेतला. चादरीवर कागद पसरला. झाकण काढले.

"बोहनी व्हायची हाय अजून," विमलताई म्हणाल्या. हे शब्द त्यांच्याच तोंडून यावेत, याचे त्यांना स्वतःलाच आश्चर्य वाटले.

"माहीत हाय."

त्यांनी ओंजळीत पाणी घेऊन डब्याभोवती फिरवले, पोळीचा तुकडा मोडला आणि भाजीला लावला. लक्ष्मीच्या तसबिरीसमोर दिवा जळत होता. त्यांनी तिकडे पाहिले नाही आणि पाहणे टाळलेही नाही. पहिला घास गेला. विमलताई पायरीवर उभ्याच होत्या.

"पुष्पाबाईंना सांग," ते घास गिळून म्हणाले, "उद्यापासून येऊ नका म्हणावं. गुडघे दुखतात त्यांचे. पायऱ्या उंच हायेत."

रस्त्यावर कोणीतरी हातगाडी ढकलत नेत होते. ती पुढे गेल्यावर विमलताईंनी विचारले.

"कधी कळलं तुम्हाला?"

"पंचमीला."

"मंग रोज घेत कशाला राह्यलात?"

जगन्नाथरावांनी थोडा विचार केला. खरे उत्तर शोधायला त्यांना वेळ लागला, कारण ते आधी शोधलेले नव्हते. "तू डबा घेऊन यायचीस," ते म्हणाले.

विमलताईंनी चपला काढल्या, वर आल्या आणि गादीवर बसल्या, जेथे पूर्वी बस्ता बांधायला आलेली माणसे बसत तेथे. त्यांच्या पाठीला गठ्ठ्याचा ताग टोचत होता. त्यांना रडू येईल असे वाटले होते, पण तेही आले नाही. ठेवीचे काय, दिवाळीचे काय, गठ्ठे परत घेतील का, हे सगळे विचारायचे होते. त्यांनी तांब्यातले पाणी पेल्यात ओतले आणि पेला त्यांच्या हाताशी सरकवला.

समोरच्या हंड्यांच्या आडून राधेश्यामांनी रोजच्यासारखे विचारले, "जगन्नाथशेठ, झाली का बोहनी?"

जगन्नाथरावांनी पाण्याचा घोट घेतला.

"न्हाई," ते म्हणाले, आणि पुढचा घास मोडला.